कागदाकडे बघायचं नाही



शाळेत मी एलिमेंट्रीला नापास झालो. तेव्हापासून पेन्सिल फक्त हिशेबापुरती. सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मोठ्यांचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला, त्यात आमच्या सौ.नंच माझं नाव घातलं.

शेजारी बी विंगच्या वहिनी, इंटरमीजिएट ए ग्रेड. सरांनी दोघांना एकच काम दिलं: समोरच्या तांब्याची कड काढायची, पेन्सिल उचलायची नाही, कागदाकडे बघायचं नाही. वहिनींचाही तांब्या वाकडाच आला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं! सर म्हणाले, "तुम्ही दोघं डोक्यातला तांब्या काढताय, समोरचा बघा."

घरी हात काढून आणायचा होता. सौ. भाजी निवडत होती, तिचाच काढायला घेतला. वीस मिनिटं नुसता हात बघत होतो. अंगठ्याच्या मुळाशी सूज दिसली. विचारलं, तर म्हणाली, "दोन वर्षं झाली. पोळ्या लाटताना दुखतं."

चित्र फसलंय, बोटं सहा वाटतात. सूज मात्र बरोबर आलीय. हल्ली कणीक मी मळतो.

वर्ग दहाला असतो. वहिनींशेजारची खुर्ची माझी, बाकी बऱ्याच रिकाम्या आहेत.