मळ्यातील घर आणि पहिले शस्त्र

(विंचूर येथे भगिनींच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

मातृशक्तीने शस्त्र हाती घ्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर हिंदू समाजाने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. खड्ग आणि त्रिशूळ धारण करणारी जगदंबा ज्यांची कुलस्वामिनी, त्यांना हा प्रश्न पडण्याचे कारणच नाही. १९३६ सालच्या विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर म्हणजेच वंदनीय मावशींनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, ती स्त्री स्वसंरक्षणक्षम व्हावी या हेतूनेच. अलीकडे मात्र हा प्रश्न निराळ्या रूपात समोर येतो. स्त्रीने रिव्हॉल्व्हर घ्यावे काय? आणि घ्यायचेच, तर पहिले कोणते घ्यावे?

पानिपतच्या रणात उतरलेल्या विठ्ठल शिवदेवांचे हे विंचूर. तात्या टोपे यांचे जन्मस्थान असलेले येवले येथून काही कोसांवर. शौर्याच्या कथा या मातीला नव्या नाहीत. पण निफाड तालुक्यातील भगिनींच्या मनात हा प्रश्न इतिहासामुळे येत नाही. तो मळ्यातील घरामुळे येतो. गावठाण सोडून कुटुंबे द्राक्षबागेत, कांद्याच्या शेतात वस्तीला राहतात. शेतीची वीज रात्री आली की घरधनी बाऱ्याला जातो. घरात सून, वृद्ध सासू आणि मुले. शेजारचे घर दोन शेते ओलांडून. माल विकून आलेला पैसा कधी रात्रभर कपाटात असतो, अंगावर सौभाग्यलेणे असते. कुत्रे अवेळी भुंकू लागले म्हणजे त्या माउलीच्या मनात काय येते, हे शहरातील सदनिकेत राहणाऱ्याला कळणे कठीण आहे.

कायदा तिला असहाय ठरवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ पासून ४४ पर्यंत खासगी बचावाचा हक्क सांगितला आहे. जुन्या दंडसंहितेतील शंभरावे कलम १ जुलै २०२४ पासून अडतिसावे झाले. आशय तोच राहिला. प्राणघातक हल्ला, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, आम्लहल्ला अशा प्रसंगी बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू झाला, तरी तो अपराध नव्हे. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्या हक्कात नाही. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी बचावाची ठरवणे न्यायालयात फार अवघड जाते. बिबट्याच्या भीतीने शस्त्र मागणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की तो कायद्याने संरक्षित प्राणी आहे.

शस्त्राचा विचार येथून पुढे सुरू होतो. २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर कानपूरच्या आयुधनिर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणले. ०.३२ बोअर, वजन अर्धा किलो, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये! ते दागिन्यांसारख्या पेटीतून मिळणार, याचेच वर्तमानपत्रांना अधिक कौतुक वाटले. स्त्रीसाठी वस्तू म्हटली की ती पेटीत घालण्याची ही हौस सोडून दिली, तरी मूळ प्रश्न उरतोच. रात्री कामावरून परतणाऱ्या परिचारिकेला किंवा मळ्यातील सुनेला ती किंमत कोठून परवडणार? पुढे ईशापूरच्या कारखान्याने ‘निडर’ हे ०.२२ बोअरचे, सुमारे अडीचशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर काढले. किंमत बरीच कमी, पण गोळीही लहान.

हलके शस्त्र स्त्रीला सोयीचे, हा समज अर्धाच खरा आहे. काडतूस तेच असेल, तर शस्त्र जितके हलके तितका त्याचा धक्का मनगटाला अधिक बसतो आणि दुसरी गोळी नेमाबाहेर जाते. म्हणून वजनापेक्षा आधी मूठ पाहावी. ती तळव्यात पूर्ण बसते का? तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचते का? घोडा न चढवता चाप ओढून पाहिला, तर नळी हलते का? रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, पण एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढला की चक्री पुढच्या काडतुसावर येते. पिस्तुलात गोळ्या अधिक बसतात, परंतु त्याची स्लाइड मागे खेचण्यास बळ लागते आणि काडतूस अडकले तर ते काढण्याची सवय लागते. नवशिक्या हाताला रिव्हॉल्व्हर अधिक सोपे, ते यामुळे. ही पारख जिने शस्त्र वापरायचे तिनेच करावी. पतीने किंवा भावाने दुकानातून पसंत करून आणलेले शस्त्र ही साडीची खरेदी नव्हे. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल चित्रपटात कितीही शोभले, तरी ते प्रतिबंधित बोअरमध्ये येते. सामान्य नागरिकाला ते मिळत नाही.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात वीणा दास या तरुणीने बंगालचा गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन याच्यावर पाच गोळ्या झाडल्या. भर सभागृहात, पोलिसांच्या देखत! त्या धैर्याला तोड नाही. पण जॅक्सन वाचला. असीम धैर्य असलेल्या हाताचाही नेम जवळच्या अंतरावरून चुकतो. मग मध्यरात्री, अंधारात, झोपेतून उठलेल्या हाताचे काय होईल? दुसरीकडे कोल्हापूरची राही सरनोबत पाहावी. २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ साली आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. त्या स्थिर हातामागे वर्षानुवर्षांचा सराव आहे.

म्हणून पहिले शस्त्र हवेचे पिस्तूल असावे, हे म्हणणे अनेकींना निराश करील. पण तेच योग्य आहे. ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या क्षमतेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. पकड, श्वास, नेम आणि चापावरील संयम या चारही गोष्टी रायफल क्लबमध्ये दहा मीटरवर शिकता येतात. परवान्यावर काडतुसांची संख्याही मर्यादित असते, तेव्हा खऱ्या गोळ्यांवर गिरवून शिकू म्हणणे व्यवहार्य नाही. सहा महिने नियमित सराव होत नसेल, तर रिव्हॉल्व्हरचा अर्ज करूच नये. न सरावलेल्या हातातील शस्त्र दरोडेखोराच्या हाती जाण्यास क्षणही लागत नाही.

सराव झाल्यावर अर्ज. विंचूरच्या रहिवाशांनी तो नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. नाशिक शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत. पोलीस अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचे हमीपत्र आणि प्रशिक्षणाचा दाखला लागतो. जिवाला किंवा मालमत्तेला असलेला धोका खरा आहे हे पटवून द्यावे लागते. नकार मिळाल्यास कलम १८ नुसार अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो. तो व्यक्तीच्या नावावर असतो, कुटुंबाच्या नव्हे. पतीच्या परवान्यावरील बंदूक पती बाऱ्याला गेला असताना पत्नीने उचलून चालत नाही. परवाना तिच्या स्वतःच्या नावे हवा. आणि गावठी कट्ट्याचा मोह तर नकोच. बिगरपरवाना शस्त्राला किमान दोन वर्षांची कैद आहे, शिवाय असले शस्त्र हातातच फुटण्याचे भय वेगळे.

आणखी एक गोष्ट, जी सभेत सहसा उच्चारली जात नाही. ज्या घरात मद्यपान आहे, पत्नीवर हात उगारला जातो किंवा कुणी खोल नैराश्यात आहे, त्या घरात परवाना कोणाच्याही नावे असो, शस्त्र येऊ नये. तेथे धोका कुंपणाबाहेर नाही, उंबरठ्याच्या आत आहे, आणि संस्कारांची भाषा बोलणाऱ्या समाजाने त्याकडे डोळेझाक करता कामा नये.

मळ्यातील घराला त्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे. अंगणात रात्रभर जळणारा दिवा, आतून भक्कम अडसर, प्रत्येकीला पाठ असलेला ११२ हा क्रमांक. ग्राम सुरक्षा यंत्रणेत घरातील स्त्रियांचेही भ्रमणध्वनी नोंदवावेत, केवळ पुरुषांचे नव्हे. एका दूरध्वनीने गावातील नोंदलेले सारे फोन एकाच वेळी वाजतात, आणि दोन शेते पलीकडचा शेजारी काठी घेऊन निघतो. बाऱ्याला गेलेल्या घरधन्याचा फोनही तेव्हाच वाजतो.

एवढे करूनही जी भगिनी परवाना घेईल, तिने कुलूपबंद पेटी भिंतीत पक्की बसवून घ्यावी आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी. देव्हाऱ्यात नव्हे, धान्याच्या कणगीत नव्हे, उशीखाली तर मुळीच नव्हे; मुलांना या तिन्ही जागा ठाऊक असतात.