सापळा, पिंजरा आणि श्रावकाचा विवेक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



अहिंसा हा जैन धर्माचा प्राण आहे, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु या तत्त्वाची खरी परीक्षा व्याख्यानमंडपात होत नाही. ती रात्रीच्या वेळी, धान्याच्या कोठीपाशी होते. माहुलच्या एका बाजूस खाडी व तिवरांची झाडी, दुसऱ्या बाजूस तेलशुद्धीकरण कारखाने आणि मध्ये दाट वसाहती. गटारे तुंबली, कचरा साचला की उंदीर-घुशी घरात शिरतात. अशा वेळी बाजारातून कोणता सापळा आणावा, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तो धर्माचाच प्रश्न आहे.

उंदरांकडे दुर्लक्ष करावे, असे कोणी सुचविणार नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि सारी मुंबई हादरली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने शहरात बळी घेतले. या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. कुटुंबाचे रक्षण हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्राने ओळखले आहे. संकल्पी हिंसेचा त्याग मात्र त्यास सांगितला आहे. तेव्हा रक्षण करताना मर्यादा कोठे आखावी, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील अतिभारारोपण ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीचे आहे. उरलेल्या चार कसोट्यांवर दुकानातील प्रत्येक साधन घासून पाहावे.

चापाचा सापळा वधासाठीच बनविलेला असतो. चाप नेमका बसला नाही, तर पाय वा शेपटी चिरडते आणि वधाच्या जोडीला छेदही घडतो. मऊ केसांच्या कातड्यांसाठी परदेशांत वन्य प्राणी पकडताना असाच, परंतु मोठा पोलादी जबड्याचा सापळा वापरला जात असे. अडकलेला प्राणी सुटकेसाठी स्वतःचाच पाय कुरतडतो. युरोपीय संघाने १९९५ पासून आपल्या देशांत त्याचा वापर बंद केला. भारतानेही २०१७ मध्ये मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या फरच्या कातड्यांची आयात थांबविली. चित्रकारांच्या कुंचल्यांसाठी मुंगसांचे प्राण घेतले जातात. तो व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

विषाच्या गोळ्यांनी वध दृष्टीआड होतो, पण टळत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर काही दिवस अंतर्गत रक्तस्रावाने झिजत मरतो. तो मेलेला उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या वा मांजराच्या पोटातही ते विष जाते.

चिकट पुठ्ठा स्वस्त, स्वच्छ आणि म्हणून निरुपद्रवी भासतो. वास्तविक चारही दोष त्यात एकवटतात. प्राणी जखडतो, हा बंध. सुटण्याच्या धडपडीत केस व कातडी सोलून निघते, हा छेद. तहान-भुकेने तळमळतो, हा अन्नपाननिरोध. आणि अखेरीस वध. त्यावर सरडा, चिमणी, चिचुंद्रीही अडकते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही या पुठ्ठ्यांचा वापर थांबविण्याविषयी सूचना दिल्या आहेत. हा पुठ्ठा जैन घरात असता कामा नये.

उरतो जाळीचा पिंजरा. त्यातही बंध आहे. म्हणून तो निर्दोष नव्हे, अल्पदोष आहे, आणि तोही विवेकाने वापरला तरच. जाळी इतकी बारीक असावी की पाय अडकू नये. दाराच्या फटीत शेपटी चेंगरू नये. घुशीसाठी मोठा पिंजरा घ्यावा. आत धान्याबरोबर काकडीची फोड ठेवावी, वर कापड झाकावे. पिंजरा लावून गावाला जाणे म्हणजे अन्नपाननिरोधच. त्याची पाहणी रात्री झोपण्यापूर्वी व पहाटे झालीच पाहिजे. मादी पिल्लांची आई असेल, तर तिला दूर नेल्याने बिळातील पिल्ले उपाशी मरतात. म्हणून पकडलेला जीव त्याच रात्री, जवळच, आडोशाच्या जागी सोडावा. तिवरांत नेऊन सोडणे हे पुण्य नव्हे. तेथे त्याचाही निभाव लागत नाही आणि पक्ष्यांच्या अंड्या-पिल्लांनाही धोका पोहोचतो. पिंजरा हातमोजे घालून हाताळावा व नंतर धुवावा.

जवळच सोडलेला उंदीर परत येणार नाही काय? घर उघडे असेल, तर अवश्य येईल. म्हणूनच पिंजरा हा शेवटचा उपाय होय. उंदराचे पिल्लू बोटाच्या जाडीच्या छिद्रातूनही आत शिरते. नळाभोवतीची भोके सिमेंटने बुजवावीत, मोरीला जाळी बसवावी, दाराखालची फट पत्र्याने बंद करावी, धान्य झाकणाच्या डब्यांत ठेवावे, ओला कचरा रात्रभर उघडा टाकू नये. एका घराने हे केले तर उंदीर शेजारी जातो. सबंध इमारतीने केले, तर त्याला तेथे येण्याचे कारणच उरत नाही.

एक शेवटची गोष्ट. हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, यास शास्त्राने हिंसादान म्हटले आहे. तो अनर्थदंडाचा प्रकार होय. शेजाऱ्याने विषाची गोळी मागितली, तर ती न देता पिंजरा द्यावा आणि भोके बुजविण्यास हातही लावावा. जीवदयेचे फलक मंदिराच्या भिंतीवर शोभून दिसतात. परंतु मोरीच्या तोंडाशी बसविलेली एक जाळी अनेक जीवांना अभयदान देते.

जय जिनेंद्र.