दुबईचे घर आणि बडोद्याची भीड
(मंडळाच्या वार्षिक सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे, वक्ता नाही. बी. कॉम. झाल्यापासून वीस-बावीस वर्षे काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे कागद तपासते आहे. आज घरचा कागद तुमच्यापुढे ठेवते. दादा पुढच्याच रांगेत बसला आहे. त्याला विचारूनच बोलते आहे.

दांडिया बाजारातला आमचा वाडा 2019 मध्ये विकला. मी हक्कसोडपत्रावर सही केली ती खुशीने. दादाला पेन्शन नाही. पुतण्या दुबईत नोकरीला होता. तिथे एक फ्लॅट घ्यायचा आणि त्याच्या भाड्यावर दादा-वहिनींनी म्हातारपण काढायचे, असा बेत ठरला. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्याचे फॉर्म भरायला मीच मदत केली. म्हणजे या गोष्टीत माझाही हात आहे.

14 ऑगस्ट 2022 ला ताबा मिळाला. ताबा घेताना कुणा जाणकाराला बरोबर नेले नाही. नवे घर, पेढे वाटले, सही केली, किल्ली घेतली. डिसेंबरात पुतण्याची बदली सिंगापूरला झाली आणि फ्लॅट भाड्याने दिला. त्याच महिन्यात न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले. बेडरूमच्या भिंतीवर बुरशी आली. भाडेकरूच्या लहान मुलाला खोकला लागला.

इथून खरी गोष्ट सुरू होते. जानेवारी ते जून, सहा महिने, दादा बिल्डरच्या कचेरीत फोन करत होता. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी माणूस पाठवतो, कधी नुसतीच घंटी. मी म्हणायची, ‘दादा, लेखी दे.’ दादा म्हणायचा, ‘थई जशे. उगाच संबंध कशाला बिघडवायचे? ज्याच्यामार्फत फ्लॅट घेतला तो आपलाच माणूस आहे.’ तो आपलाच माणूस, म्हणजे एजंट, कमिशन घेऊन केव्हाच मोकळा झाला होता. जूनअखेर भाडेकरू घर सोडून गेला आणि दादाची मिळकत बंद पडली.

मग मी तिथला कायदा शोधायला बसले. दुबईचा 2019 चा 6 क्रमांकाचा कायदा सामायिक इमारतींबद्दल आहे. त्यात बिल्डरची जबाबदारी दोन भागांत वाटली आहे. इमारतीच्या सांगाड्यातला दोष असेल तर पूर्णत्वाच्या दाखल्यापासून 10 वर्षे. वीज, नळ, सांडपाणी आणि इतर यंत्रसामग्री यांत दोष असेल तर ताबा दिल्यापासून 1 वर्ष. आमचा दोष नळाचा. हे वाचले तेव्हा 14 जुलै उजाडला होता. वर्ष संपायला एक महिना उरला होता. आम्ही भिडेपोटी सहा महिने बिल्डरला फुकट दिले होते.

दुसरी गोष्ट बँकेतल्या माणसाला लगेच कळेल अशी. 2007 च्या 8 क्रमांकाच्या कायद्याने तिथे बांधकाम चालू असतानाच विकलेल्या घरांचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात जमा होतात. इमारत पूर्ण झाल्यावरही त्यातले 5 टक्के वर्षभर रोखून ठेवतात. बिल्डर फोन उचलत नसेल, पण त्याचे पैसे ज्या खात्यात अडकले आहेत त्या बँकेचा कागद तो नक्की वाचतो.

21 जुलैला आम्ही पत्र पाठवले. एकच पान. फ्लॅटचा क्रमांक, ताब्याची तारीख, दोष कोणता, कधी दिसला, किती वेळा कळवला. तिथल्या एका प्लंबिंग कंपनीकडून तपासणी करून घेतली, तिचा अहवाल आणि तारखेसह फोटो जोडले. कायद्याचे नाव आणि 14 दिवसांची मुदत घातली. तिथले कोर्टकचेरीचे काम अरबीत चालते, म्हणून परवानाधारक भाषांतरकाराकडून अरबी प्रत करून घेतली. एक प्रत बिल्डरला, एक जमीन खात्याच्या नियामक संस्थेला, एक एस्क्रो सांभाळणाऱ्या बँकेला. सगळे कुरिअरने, पोच घेऊन, आणि वर ई-मेलनेही.

शिवाय इमारतीच्या व्यवस्थापकाकडून कळले की त्याच नळाच्या ओळीत वरखाली आणखी पाच घरांत गळती आहे. दोन मालक मलयाळी, एक कराचीचा, एक इजिप्तचा, एक लंडनचा. दादा आधी म्हणाला, ‘ओळख ना पाळख, त्यांना काय लिहायचे?’ मी लिहिले. पाचही जणांची उत्तरे दोन दिवसांत आली. तेही एकएकटेच फोन करत बसले होते. त्याच आठवड्यात सहा पत्रे एकाच मजकुराची गेली.

2 ऑगस्टला बिल्डरचे उत्तर आले. ऑक्टोबरपर्यंत भिंत फोडून नळ बदलला, लाद्या बसवल्या, रंग दिला. त्यासाठी एक दिरहम द्यावा लागला नाही. कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही.

पण सगळे मिळाले असे नाही. एसीतून पाणी गळते, हे भाडेकरूने मे महिन्यात दादाला फोनवर सांगितले होते. पत्रात ते घालायचे राहिले. सप्टेंबरात लिहिले तेव्हा उत्तर आले की वर्ष संपले आहे. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मेमध्ये सांगितले होते, पण कागदावर नव्हते. 6,500 दिरहम, म्हणजे सुमारे दीड लाख रुपये, दादाच्या खिशातून गेले.

इथे बसलेल्या पुष्कळांची घरे पुण्यात आहेत. त्यांच्यासाठीही दोन वाक्ये. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष बिल्डरच्या नजरेला आणला, तर त्याने तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे पुण्याच्या फ्लॅटसाठी बडोद्यात दाद मागता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत.

मंडळी, भीड भिकेची बहीण, असे आपली आजी म्हणायची. आपले पणजोबा गायकवाडी दफ्तरात नोकरीला होते. तिथे लेखी शेऱ्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. त्यांची आपण नातवंडे-पतवंडे. मराठी शाळा टिकावी म्हणून आपण शंभर सह्यांची निवेदने देतो, आणि स्वतःच्या भिंतीसाठी एक पान लिहायला लाजतो.

आता जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही. आपल्या गणेशोत्सवाच्या मंडपात परदेशातली घरे विकणाऱ्यांचे स्टॉल लागतात. दादाने त्या एजंटला प्रथम तिथेच पाहिले. मंडळाच्या मंडपात आहे म्हणजे माणूस चांगलाच असणार, असे तो समजला. मंडळाला देणगी मिळाली, आणि मंडळाची अब्रू त्या माणसाने वापरली. त्याच्याबद्दल बोलायचे तर देणगी जाईल, म्हणून आपण गप्प. ही भीड एकट्या दादाची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन मागण्या ठेवते. घरे विकणाऱ्या कुणालाही स्टॉल किंवा जाहिरात देण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्यावे की ताब्यानंतर तक्रार कुणाकडे करायची, त्याचे नाव-पत्ता काय आणि मुदत किती. जो लिहून देणार नाही त्याची देणगी नको. दुसरी, महिन्यातून एका रविवारी दोन तास मंडळाच्या खोलीत टेबल-खुर्ची मिळावी. ज्याचे घर गळते आहे त्याने कागद घेऊन यावे, पत्र लिहायला मी बसेन.

येताना ताब्याचा कागद तेवढा आणा. त्यावरची तारीख आधी बघू, बाकीचे मग बोलू.