पदकांची मोजणी आणि खेळाचें मोल

१९८० सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील लेक प्लॅसिड या लहानशा गांवीं हिवाळी ऑलिंपिक सामने भरले होते. त्यांत अमेरिकेला एकूण सहा सुवर्णपदकें मिळालीं. त्यांपैकीं पांच एकट्या एरिक हायडन या तरुणानें जिंकलीं आणि सहावें वीस जणांच्या आइस हॉकी संघानें. एका माणसाचीं पांच आणि वीस माणसांचें एक! हें गणित प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु हिवाळी खेळांतील पदकांची व्यवस्था उमजण्यास याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

हायडनचा खेळ स्पीड स्केटिंगचा, म्हणजे पायांस पोलादी पातीं लावून बर्फावर धांवण्याचा. पुरुषांसाठीं त्या वर्षीं ५००, १,०००, १,५००, ५,००० व १०,००० मीटर अशा पांच शर्यती होत्या आणि प्रत्येकीस स्वतंत्र पदक होतें. हायडननें पांचहि जिंकल्या. पहिली शर्यत चाळीस सेकंदांच्या आंत संपते. शेवटची त्यानें साडेचौदा मिनिटांच्या आंत पुरी केली. एकीला क्षणाचा वेग लागतो, दुसरीला दीर्घ दम. हे दोन्ही गुण एकाच देहांत नांदावेत, ही गोष्ट दुर्मिळच. तथापि या गुणांस पांच वेळां तराजूंत बसण्याची संधि होती, हेंहि तितकेंच खरें.

हॉकीच्या संघाची वाट निराळी होती. त्यास सात सामने खेळावे लागले. मागील चार ऑलिंपिकांतील सुवर्णपदकें जिंकणाऱ्या सोव्हिएट संघास त्यानें २२ फेब्रुवारीस ४-३ असें नमविलें. पण एवढ्या विजयानेंहि पदक हातीं आलें नाहीं. दोन दिवसांनीं फिनलंडला ४-२ असें हरविल्यावरच तें मिळालें. पदक प्रत्येक खेळाडूच्या गळ्यांत पडलें; राष्ट्रांच्या तक्त्यांत मात्र त्याची नोंद एकच झाली.

हा भेद खेळांच्या स्वरूपांतून उत्पन्न होतो. धांवण्याची वाट एकदां तयार झाली, कीं अंतर बदलून नवी शर्यत योजतां येते आणि ती एका दिवसांत उरकते. संघाच्या खेळाचे असे तुकडे पडत नाहींत. म्हणूनच २०२२ सालीं बेजिंग येथें ज्या १०९ स्पर्धा झाल्या, त्यांत स्पीड स्केटिंगच्या १४ होत्या, लांब पल्ल्याच्या स्की-शर्यतींच्या १२ होत्या, आणि आइस हॉकीच्या अवघ्या दोन: एक पुरुषांची व एक स्त्रियांची.

त्यांत आणखी एक गोष्ट आहे. हॉकींत एका राष्ट्राचा एकच संघ उतरतो. वैयक्तिक शर्यतींत एकाच देशाचे तिघे तिन्ही पदकें घेऊं शकतात. २०१४ सालीं सोची येथें नेदरलंडच्या खेळाडूंनीं स्पीड स्केटिंगच्या चार शर्यतींत असेंच केलें. त्या देशाच्या एकूण २४ पदकांपैकीं २३ या एकाच खेळांतलीं होतीं. कालवे गोठले कीं स्केट बांधून बाहेर पडण्याची त्या देशाची जुनी आवड आणि स्पर्धांची विपुलता यांचा तो सुयोग होता. तेवढेंच कौशल्य हॉकींत असतें, तर पुरुष व स्त्रिया मिळून दोनांहून अधिक पदकें लाभलीं नसतीं.

तक्त्यांत कोणाचा क्रमांक वर व कोणाचा खालीं, एवढाच प्रश्न असता तर तो करमणुकीचा ठरला असता. पण जेथें संधीच नाहीं, तेथें तो न्यायाचा होतो. स्कीवरून उडी व स्कीवरून धांव मिळून झालेला नॉर्डिक कंबाइंड हा खेळ १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून चालत आला आहे. पण केवळ पुरुषांसाठीं. स्त्रियांस स्की-शर्यती १९५२ पासून खुल्या आहेत आणि स्की-उडी २०१४ पासून. धांवतां येतें, उडतांहि येतें. दोन्ही मिळून मात्र करण्यास ऑलिंपिकमध्यें जागा नाहीं. या खेळांत स्त्रियांची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा २०२१ पासून होते; तरीहि २०२६ च्या मिलान-कोर्तिना येथील ११६ स्पर्धांत तिचा समावेश झाला नाहीं. खेळ थोड्याच राष्ट्रांत रुजला आहे व त्यास प्रेक्षक कमी आहेत, असें कारण ऑलिंपिक समितीनें २०२२ सालीं दिलें. परंतु पदक नाहीं म्हणून पैसा नाहीं, पैसा नाहीं म्हणून खेळाडू नाहींत, आणि खेळाडू नाहींत म्हणून पदक नाहीं, हें चक्र भेदावयाचें कोणीं?

स्पर्धांची संख्या सर्व खेळांत सारखी करणें शक्य नाहीं आणि तसें करण्याचें प्रयोजनहि नाहीं. मात्र पदकांचा तक्ता वाचणारानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं तो पराक्रमाबरोबरच कार्यक्रमपत्रिकेचेंहि माप देतो. हायडनचीं पांच पदकें आणि वीस जणांचें एक पदक यांत थोरलें कोणतें, हें बेरजेनें ठरत नाहीं. आणि जिला शर्यतीच्या आरंभरेषेवरच उभें राहतां येत नाहीं, तिच्या श्रमांचा तर त्या तक्त्यांत रकानाच नाहीं.