गणिताच्या तासाला मुलं बोलती करू या
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी आम्हा शिक्षकांना ‘मुलांचे शिक्षण’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून त्यातले फक्त गणित घेतो. आपली पुष्कळ मुलं इतर विषयांत बरी असतात, पण गणितापाशी अडतात. गणित राहिलं की पॉलिटेक्निक राहतं, इंजिनिअरिंग राहतं, बँकेची परीक्षा अवघड होते. आणि हे दहावीला घडत नाही. पाचवी-सहावीतच मूल मनाशी ठरवून टाकतं की, ‘हे आपल्याला जमायचं नाही.’ त्यानंतर ते वर्गात तोंड उघडत नाही. गणित येत नाही म्हणून मूल गप्प बसतं, असं आपण समजतो. आमचा अनुभव असा की, गप्प बसवलं जातं म्हणूनही त्याला गणित येत नाही.

एक उदाहरण घेऊ. फळ्यावर १/२ + १/३ लिहा. बरीच मुलं उत्तर देतात, २/५. वरचे आकडे मिळवले, खालचे आकडे मिळवले. अशा वेळी वर्गात काय होतं? ‘चूक, बस खाली!’ दुसरा उठतो, ५/६ सांगतो. ‘शाब्बास!’ आणि पुढचं गणित सुरू. पहिल्याला आपलं का चुकलं ते कळलं नाही. दुसऱ्याला आपलं का बरोबर आलं ते कळलंय की त्याने नुसती रीत पाठ केलीय, हे कुणी विचारलंच नाही.

त्याऐवजी दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत. बरोबर कोणते ते लगेच सांगू नये. दोघांनाही एकाच आवाजात एकच प्रश्न विचारावा, ‘कसं काढलंस?’ मग वर्गाला विचारावं, ‘ताटात अर्धी भाकरी आहे. आईने आणखी एक तृतीयांश भाकरी वाढली. आता ताटात अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?’ सगळे म्हणतील, जास्त. ‘मग २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ पाचाचे निम्मे अडीच; दोन तर त्याहून कमी. म्हणजे आईने वाढलं आणि ताटातलं कमी झालं! हे कसं? इथे मुलं आपणहून बोलू लागतात. कुणीतरी भाकरीचं चित्र काढतं. सहा सारखे तुकडे केले तर अर्ध्या भाकरीचे तीन, तृतीयांशाचे दोन, मिळून पाच. म्हणून ५/६. छेद समान का करायचा, हे आता मुलांना दिसलेलं असतं.

अशी चर्चा आपोआप होत नाही, ती घडवून आणावी लागते. त्याच्या काही साध्या रीती आहेत.

पहिली रीत थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाचे वर्ग तपासले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. गणिताला तर त्याहून थोडं जास्तच थांबावं.

दुसरी रीत, एकाचं म्हणणं दुसऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणे. त्यामुळे मुलं एकमेकांचं ऐकू लागतात. तिसरी, ‘तुला पटतं का? का पटतं?’ असं विचारणे. कारण सांगितल्याशिवाय ‘हो’ही घ्यायचा नाही आणि ‘नाही’ही घ्यायचा नाही. चौथी, लाजऱ्या मुलांना आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू देणे. सुझान चॅपिन, कॅथरीन ओ’कॉनर आणि नॅन्सी अँडरसन यांनी २००३ साली गणितातील वर्गचर्चेवर पुस्तक लिहिले, त्यात अशाच रीती सांगितल्या आहेत. त्यामागचे काम बॉस्टनजवळच्या चेल्सी गावातले, जिथे गरीब आणि स्थलांतरित कुटुंबांतली मुलं मोठ्या संख्येने शिकतात. ही श्रीमंतांच्या शाळेची चैन नाही, हे लक्षात घ्यावे.

काही शिक्षकबंधू म्हणतील, ‘वर्गात साठ मुलं, अभ्यासक्रम संपवायचा, त्यात हा गोंगाट कुठे?’ अडचण खरी आहे. पण रोज तासभर चर्चा करा, असं आमचं म्हणणं नाही. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, एकच प्रश्न. उदाहरणार्थ, १८ गुणिले ५ तोंडी. कुणी २० पंचे शंभरातून दहा वजा करील, कुणी १० पंचे पन्नास आणि ८ पंचे चाळीस मिळवील, कुणी ९ दाहे नव्वद म्हणेल. तीन वाटा, एकच उत्तर. मुलाला कळतं की गणितात डोकं चालवायला जागा आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही गणिती पद्धतीने विचार करता येणे, हेच गणित शिकवण्याचे मुख्य उद्दिष्ट मानले आहे.

शेवटी माता-पित्यांना एक विनंती. ‘आम्ही शिकलेलो नाही, मुलाचं गणित काय बघणार?’ असं अनेक आया म्हणतात. माउलींनो, तुम्हाला पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळं येतं. बाजारात तुम्ही ते रोज वापरता. संध्याकाळी मुलीला जवळ बसवा आणि म्हणा, ‘हे कसं केलंस, मला समजावून सांग.’ सांगता सांगता ती अडखळेल, थांबेल, स्वतःच दुरुस्त करील. तुम्हाला उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही. ऐकणारं माणूस पाहिजे.