भयाच्या काळातला पूर्वग्रह : ११ सप्टेंबरनंतरची अमेरिका

राष्ट्रावर अचानक घाला पडला की समाजाला दोन गोष्टी ताबडतोब हव्या असतात. एक सुरक्षितता आणि दुसरा गुन्हेगार. गुन्हेगार हाती लागत नाही, किंवा तो त्या घाल्यातच मेलेला असतो, तेव्हा त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्यासारखे नाव असलेला, त्याच्या धर्माचा किंवा मुलखाचा माणूस शोधला जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही रीत सर्व देशांत आणि सर्व काळात आढळते. २००१ नंतरच्या अमेरिकेत मुस्लिम आणि अरब समाजांच्या वाट्याला ती आली. त्या काळाची कागदपत्रे, आकडेवारी आणि न्यायनिवाडे उपलब्ध असल्याने पूर्वग्रह कसा पसरतो आणि त्याला कशाने अटकाव होतो, हे तिथे नीट पाहता येते.

चार दिवसांतली गोष्ट

११ सप्टेंबर २००१ रोजी १९ अपहरणकर्त्यांनी चार प्रवासी विमाने ताब्यात घेतली. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, पेंटागॉनवर विमान आदळले, चौथे विमान पेनसिल्व्हेनियात पडले. २,९७७ निरपराध माणसे मारली गेली. अपहरणकर्त्यांपैकी एकही वाचला नाही.

चार दिवसांनी, १५ सप्टेंबरला, ॲरिझोना राज्यातील मेसा गावात बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपासमोर फुलझाडे लावण्याच्या कामात होते. ते पंजाबातून आलेले शीख. त्याच दिवशी त्यांनी हल्ल्यातील पीडितांच्या मदतनिधीत पैसे टाकले होते. गाडीतून आलेल्या एका माणसाने त्यांची दाढी आणि पगडी पाहून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिथून तो दुसऱ्या पेट्रोल पंपावर गेला आणि लेबनीज वंशाच्या कर्मचाऱ्यावर गोळीबार केला, तो बचावला. मग त्याने एका अफगाण कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या. एक भारतीय शीख, एक लेबनीज आणि एक अफगाण कुटुंब ही मारेकऱ्याच्या लेखी एकाच माळेचे मणी होती. अपहरणकर्त्यांपैकी १५ जण सौदी होते आणि बाकीचे संयुक्त अरब अमिराती, इजिप्त व लेबनॉन या देशांचे. त्यांत अफगाण कोणी नव्हता, मग शीख कुठला असणार?

ही घटना एकटीदुकटी नव्हती. एफबीआयच्या नोंदींनुसार मुस्लिमविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या घटना २०००मध्ये २८ होत्या, त्या २००१मध्ये ४८१ झाल्या. हे फक्त नोंदले गेलेले गुन्हे. सोढींसारख्या शिखांसाठी त्या नोंदवहीत वेगळा रकानाही नव्हता. शीख, हिंदू आणि अरब यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांची स्वतंत्र नोंद २०१५पासून सुरू झाली.

अरब कोण, मुस्लिम कोण

पूर्वग्रहाचे पहिले लक्षण सरमिसळ. जगातील मुस्लिमांपैकी अरब साधारण एक पंचमांश. सर्वात मोठ्या मुस्लिम लोकसंख्येचे देश इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत आणि बांगलादेश यांपैकी एकही अरब नाही. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन-सीरियाच्या डोंगराळ मुलखातून अमेरिकेत आलेले अरब प्रामुख्याने ख्रिस्ती होते. फेरीवाले म्हणून आलेल्या या लोकांनी पुढे दुकाने थाटली, तर काही मिशिगन राज्यातील मोटार कारखान्यांत कामाला लागले. डेट्रॉइटजवळचे डिअरबॉर्न हे गाव अमेरिकेतील अरबांचे मोठे केंद्र बनले ते यामुळेच. अमेरिकी मुस्लिमांत कृष्णवर्णीय अमेरिकी आहेत, भारतीय उपखंडातून आलेले डॉक्टर-अभियंते आहेत, इराणी, बोस्नियन आणि सोमालीही आहेत. या सगळ्यांना एकाच साच्यात कोंबल्याशिवाय भीतीला हवा तो शत्रू मिळत नाही.

साचा आधीच तयार होता

हा साचा ११ सप्टेंबरला घडला नाही. अभ्यासक जॅक शाहीन यांनी ९००हून अधिक हॉलिवूडपटांत अरब पात्रे कशी रंगवली आहेत ते तपासले आणि त्यावरचे पुस्तक २००१मध्येच प्रसिद्ध झाले. पडद्यावरचा अरब बहुतेक वेळा विलासी शेख, लुटारू नाहीतर बॉम्बवाला होता. साधा माणूस म्हणून तो क्वचितच दिसला. १९७९मध्ये तेहरानमध्ये अमेरिकी दूतावासातील कर्मचारी ओलीस धरले गेले, तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांना कागदपत्रांसह हजेरी द्यावी लागली. १९८५मध्ये अरब अमेरिकींच्या हक्कांसाठी काम करणारे ॲलेक्स ओदे कॅलिफोर्नियात आपल्या कार्यालयाचे दार उघडताना बॉम्बस्फोटात मारले गेले.

१९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीतील सरकारी इमारत स्फोटात उद्ध्वस्त झाली आणि १६८ जण मरण पावले. काही तासांतच दूरचित्रवाणीवर मध्यपूर्वेतील दहशतवाद्यांची चर्चा रंगली. शहरातून जॉर्डनला निघालेल्या एका अरब वंशाच्या अमेरिकी नागरिकाला लंडनहून परत पाठवून त्याची चौकशी झाली. खरा गुन्हेगार, टिमथी मॅकव्हे, स्फोटानंतर दीड तासाच्या आतच पोलिसांच्या ताब्यात आला होता. गाडीला मागची नंबर प्लेट नाही म्हणून वाहतुकीच्या तपासणीत तो सापडला. तो गोरा अमेरिकी होता आणि आखाती युद्धात लढलेला माजी सैनिक होता. त्याच्या गुन्ह्याबद्दल गोऱ्या माजी सैनिकांकडे कोणी संशयाने पाहिले नाही; आणि ते योग्यच होते. मुस्लिम गुन्हेगार निघाला की हाच न्याय मात्र लागू होत नाही. गुन्हा एकाचा आणि जाब सगळ्या समाजाने द्यायचा, ही पूर्वग्रहाची नेमकी खूण.

सरकार घाबरते तेव्हा

रस्त्यावरचा द्वेष गुन्हा ठरतो, त्याला शिक्षा होते. मेसातील मारेकऱ्यालाही झाली. सरकारी भीतीचे मात्र नियम बनतात. हल्ल्यानंतरच्या तपासात ७६२ परदेशी नागरिकांना अटकेत ठेवले गेले. मुदत संपलेल्या व्हिसासारखा स्थलांतर नियमांचा भंग हे बहुतेकांच्या अटकेचे कारण. न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी २००३च्या अहवालात नोंदवले की दहशतवादाच्या तपासातले खरे संशयित आणि योगायोगाने जाळ्यात सापडलेले यांच्यात पुरेसा फरक केला गेला नाही. अनेकांना महिनोन्‌महिने डांबून ठेवले गेले आणि ब्रुकलिनच्या तुरुंगात काहींना मारहाण व शिवीगाळ सोसावी लागली. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे सुके किती होते हेच तपासले गेले नाही.

२००२मध्ये ‘विशेष नोंदणी’ सुरू झाली. बहुतेक मुस्लिमबहुल आणि त्यांखेरीज उत्तर कोरिया अशा २५ देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या १६ वर्षांवरील पुरुषांनी सरकारी कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे आणि जबाब द्यायचे होते. देशात राहणाऱ्या ८० हजारांहून अधिक लोकांनी तसे केले. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. लॉस एंजेलिसमध्ये तर स्वतःहून नोंदणीला आलेल्या शेकडो लोकांना, मुख्यतः इराणींना, तिथेच अटक झाली. या खटाटोपातून दहशतवादाचा गुन्हा सिद्ध झाल्याचे एकही प्रकरण पुढे आले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा कारभार २०११मध्ये थांबवला गेला आणि त्याचे नियम २०१६च्या डिसेंबरात रद्द झाले. घबराट काही महिन्यांत ओसरली, तिच्यातून जन्मलेला नियम मात्र १४ वर्षे कागदावर राहिला.

आधीच्या पिढीचा धडा

अमेरिकेने ही चूक पूर्वी याहून मोठ्या प्रमाणावर केली होती. पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतील दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. जपानी अमेरिकींनी अजून एकही घातपात केलेला नाही, हीच मोठी चिंतेची गोष्ट आहे, असा युक्तिवाद या कारवाईची शिफारस करणाऱ्या जनरल डेविट यांनी केला होता. भीतीचे तर्कशास्त्र असे असते : पुरावा असला तर दोषी, नसला तर अधिकच संशयित.

छावणीत गेलेल्यांत कॅलिफोर्नियातील सॅन होझेचा दहा वर्षांचा नॉर्मन मिनेटा होता. निघताना त्याच्या अंगावर बालवीर पथकाचा गणवेश होता. हातातली बेसबॉलची बॅट सैनिकांनी काढून घेतली, कारण ती शस्त्र म्हणून वापरता आली असती. वायोमिंग राज्यातील हार्ट माउंटन छावणीत त्याचे दिवस गेले. जवळच्या कोडी गावातील स्काउट पथकप्रमुखाने आपल्या पथकातली मुले छावणीत, तिथल्या मुलांबरोबरच्या शिबिराला नेली. त्यांत ॲलन सिम्पसन नावाचा गोरा मुलगा होता. मिनेटा आणि तो एका तंबूत राहिले आणि त्यांची मैत्री जमली. पुढे मिनेटा डेमोक्रॅटिक पक्षाचे काँग्रेस सदस्य झाले, सिम्पसन रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर. छावण्यांबद्दल राष्ट्राची माफी मागणारा आणि हयात पीडितांना प्रत्येकी २० हजार डॉलर देणारा १९८८चा कायदा संमत करून घेण्यात दोघांचा हात होता. त्याआधी नेमलेल्या चौकशी आयोगाने छावण्यांची तीन कारणे सांगितली होती : वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश.

११ सप्टेंबर २००१ला हेच मिनेटा देशाचे परिवहनमंत्री होते. हल्ल्यानंतर दहा दिवसांत त्यांच्या खात्याने विमान कंपन्यांना कळवले की वंश, धर्म किंवा पेहराव पाहून प्रवाशांना वेगळे काढता येणार नाही. विमानतळावरची तपासणी कडक झाली, पण ती सर्वांसाठी.

नेतृत्वाचे वजन

हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले. दहशतीचा चेहरा म्हणजे खरा इस्लाम नव्हे आणि मुस्लिम अमेरिकींना धमकावणारे अमेरिकेच्या चांगुलपणाचे प्रतिनिधी नव्हेत, असे त्यांनी तिथून सांगितले. याच बुश सरकारने पुढे विशेष नोंदणी आणली, ही विसंगती नोंदवलीच पाहिजे. तरीही त्या शब्दांचा परिणाम मोजता येतो. प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीत मुस्लिम अमेरिकींबद्दल चांगले मत असणारे मार्च २००१मध्ये ४५ टक्के होते. हल्ल्यानंतर, नोव्हेंबरमध्ये, ते ५९ टक्के झाले. वाढ सर्वाधिक होती ती बुश यांच्याच पक्षाच्या परंपरावादी मतदारांत. त्याच संस्थेच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उलट दिशेने गेले. इस्लाम इतर धर्मांपेक्षा हिंसेला अधिक उत्तेजन देतो असे मानणारे मार्च २००२मध्ये २५ टक्के होते, जुलै २००३मध्ये ४४ टक्के झाले. या दरम्यान अमेरिकेत तसा दुसरा हल्ला झाला नव्हता. इराकवर स्वारी मात्र झाली होती आणि तिच्या निमित्ताने चाललेला प्रचार व चर्चा घराघरांत पोचत होत्या. लोकमत घटनेमागून जितके जाते, त्याहून अधिक त्या घटनेचा अर्थ सांगणाऱ्यांमागून जाते.

कायद्याचे संरक्षणही नेतृत्वावर अवलंबून असते. २०१७च्या जानेवारीत काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी आली. विमानतळांवर निदर्शने झाली, न्यायालयांनी पहिले आदेश अडवले, पण सुधारित बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरली. जपानी छावण्यांना मान्यता देणारा १९४४चा कोरेमात्सु निकाल चुकीचा होता, अशी कबुली याच निकालपत्रात आहे. बंदी उठली २०२१मध्ये, सत्ताबदलानंतर.

सहवासाने काय होते आणि काय होत नाही

पूर्वग्रहावर सहवासाचा उपाय सुचवला जातो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये त्याच्या चार अटी सांगितल्या : बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकत्र काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा. पुढे ५१५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून, २००६मध्ये, सहवासाने पूर्वग्रह बहुधा घटतो असे दिसले. हार्ट माउंटनच्या स्काउट शिबिरात, छावणीचे कुंपण असूनही, या अटी बऱ्याच प्रमाणात जुळल्या होत्या.

मात्र सहवासाला मर्यादा आहेत. आयसिसच्या अत्याचारांनंतर इराकमधील विस्थापित ख्रिस्ती तरुणांच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घेतले गेले. अशा संघांतील ख्रिस्ती खेळाडू मुस्लिम खेळाडूंशी अधिक मोकळे झाले आणि स्पर्धा संपल्यावरही त्यांच्याबरोबर सराव करू लागले. पण मुस्लिमबहुल मोसुलच्या उपाहारगृहात जेवायला जायची त्यांची तयारी वाढली नाही. मैदानावरचा विश्वास अनोळखी मुस्लिमांपर्यंत पोचला नाही. लिव्हरपूल या इंग्लंडमधील फुटबॉल क्लबाचे उदाहरण याहून आशादायक आहे. इजिप्तचा मुस्लिम खेळाडू मोहम्मद सलाह २०१७मध्ये त्या क्लबात आला. त्यानंतर त्या परिसरातील द्वेषगुन्हे अपेक्षेपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी राहिले, असे संशोधकांना आढळले. यातली मेखही उघड आहे. समाजाची प्रतिष्ठा एखाद्याच्या गोलांवर टांगणीला लागावी, हा न्याय नव्हे.

मोहम्मद सलमान हमदानी यांची कहाणी हेच सांगते. कराचीत जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा २३ वर्षांचा तरुण पोलिस दलाचा प्रशिक्षित उमेदवार होता. हल्ल्याच्या दिवशी तो मदतीला मनोऱ्यांकडे धावला आणि बेपत्ता झाला. नावामुळे त्याच्यावरच संशय घेतला गेला. ऑक्टोबर २००१च्या पेट्रियट कायद्यात मुस्लिम व अरब अमेरिकींशी भेदभाव करू नये असे सांगणारे कलम आहे आणि त्यात हमदानींचा गौरवाने उल्लेख आहे. ढिगाऱ्यात सापडलेल्या त्यांच्या अवशेषांची ओळख पटली ती पुढच्या वर्षी. वीरमरण आल्यावरच ज्याची निष्ठा मान्य होते, त्याचे नागरिकत्व अजून पुरते मान्य झालेले नसते. साध्या, अप्रसिद्ध, कोणताही पराक्रम न केलेल्या माणसालाही तितकाच हक्क आहे, इथपर्यंत पोचल्याशिवाय पूर्वग्रह गेला असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष

डिअरबॉर्नमध्ये इतके अरब राहत असूनही २००१मध्ये तिथे हिंसाचार तुलनेने फारच कमी झाला. पोलिस आणि अरब संघटना यांच्यात वर्षानुवर्षांचा संबंध होता. हल्ला झाल्याबरोबर गस्त वाढली आणि कोणाला फोन करायचा हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. मिनेटांच्या खात्याचे पत्र दहा दिवसांत निघू शकले, कारण १९४२च्या अन्यायाची कबुली राष्ट्राने १९८८च्या कायद्याने दिली होती. संकटाच्या दिवशी नवा विवेक उभा करता येत नाही. पडद्यावरचा साचा मोडणे, पोलिसांचा वस्तीशी परिचय, द्वेषगुन्ह्यांची खरी नोंद, झालेल्या अन्यायाची लेखी कबुली आणि एका व्यक्तीच्या गुन्ह्यासाठी समाजाला जबाबदार न धरण्याचा नियम ही कामे शांततेच्या दिवसांतच उरकावी लागतात. जो समाज ती तेव्हा टाळतो, तो भीतीच्या दिवसांत आपल्याच माणसांना शत्रू ठरवतो.