विजेरींतील पिवळी टिकली

गांवीं शेतावर राहणाऱ्या भावासाठीं शहरांतला भाऊ विजेरी घेण्यास निघाला, कीं दुकानदार खोकें पुढें करतो आणि त्यावरच्या एकाच आंकड्यावर बोट ठेवतो. हजार ल्यूमेन, दोन हजार, चार हजार! आंकडा मोठा तितकी विजेरी चांगली, असा हिशेब आतां घरोघर रूढ झाला आहे. ल्यूमेन म्हणजे दिव्यांतून बाहेर पडणारा एकंदर उजेड. तो कोठें पडतो, त्यांत रंग कसे दिसतात आणि तो किती वेळ टिकतो, यांविषयीं हा आंकडा मौन पाळतो.

विजेरीच्या आरशाच्या तळाशीं एक पिवळी टिकली दिसते; तीच एल. ई. डी. तिच्यांतील स्फटिक वस्तुतः निळा प्रकाश देतो. वरच्या लेपांतून जातां जातां त्यांतला पुष्कळसा पिवळा होतो आणि दोहोंच्या मिश्रणानें डोळ्यांस पांढऱ्याचा भास होतो. त्या निळ्या एल. ई. डी.बद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां दोन टिकल्या शेजारीं ठेवून पाहाव्या. क्री कंपनीची एक्सएचपी७० ही चार स्फटिकांची टिकली पुऱ्या शक्तीनें चार हजार ल्यूमेनांपर्यंत मजल मारते. ओसराम कंपनीच्या केडब्ल्यू सीएसएलएनएम१ हिचें प्रकाशणारें अंग अवघें १ चौरस मिलिमीटर, आणि तिचा एकंदर उजेड पहिलीहून पुष्कळच कमी. तरीहि सारख्याच आरशांत बसविल्या असतां दूरच्या कड्यावर ठळक कवडसा पाडते ती ही लहानगीच! कारण झोताची तीव्रता एका चौरस मिलिमीटरांतून किती उजेड निघतो त्यावर ठरते. तेज तेंच ठेवून टिकली नुसती मोठी केली, तर झोत रुंदावतो. तो लांब जात नाहीं.

विजेऱ्यांच्या मोजणीसाठीं अमेरिकेंत २००९ सालीं एफएल-१ हें प्रमाण ठरलें. त्याप्रमाणें पल्ला म्हणजे जेथें पाव लक्स, जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उजेड उरतो तेथवरचें अंतर. १०,००० कँडेलांच्या झोताचा पल्ला २०० मीटर. ४०० मीटरांसाठीं मात्र ४०,००० कँडेला हव्यात. इतक्या चांदण्यांत ४०० मीटरांवरचा माणूस कोण, हें कोणीहि सांगूं शकणार नाहीं, ही गोष्ट अर्थात् खोक्यावर नसते. त्याच प्रमाणांत ल्यूमेन मोजावयाचे ते विजेरी पेटविल्यावर अर्धें मिनिट ते दोन मिनिटें या अवधींत, आणि टिकण्याचा काळ धरावयाचा तो उजेड एक दशांशावर येईपर्यंत. तेव्हां "हजार ल्यूमेन, तीन तास" याचा अर्थ तीन तास हजार ल्यूमेन असा मुळींच नव्हे. लहानशी विजेरी तेवढी उष्णता सोसूं शकत नाहीं. थोड्याच वेळांत तिला उजेड आवरता घ्यावा लागतो.

महाराष्ट्रांत ज्या शिवारांत पंपांस रात्रपाळीनें वीज मिळते, तेथें पाणी देणारा शेतकरी बांधावरून चालतो तो विजेरीच्याच भरंवशावर. दोनशें मीटरांवरचें झाड दिसून त्याला काय करावयाचें? त्याला पुढच्या तीन पावलांतला पाचोळा दिसला पाहिजे, आणि त्यांत घोणस जातीचा साप असेल तर त्याच्या अंगावरची तपकिरी नक्षी पाचोळ्याच्या तपकिरींतून वेगळी निघाली पाहिजे. अरुंद झोत येथें अपायकारकच. मधोमध डोळे दिपतात आणि कडेचा काळोख अधिक दाट होतो.

रंगांची पारख शंभर गुणांच्या मापानें होते. गंमत अशी कीं, हे गुण आठ फिक्या रंगांची सरासरी काढून देतात. नववा, गडद तांबडा, हिशेबांत धरीतच नाहींत. सत्तर गुणांच्या थंड पांढऱ्या टिकलीचा हा नववा रंग पुष्कळदां शून्याच्याहि खालीं जातो. निचिया कंपनीची २१९बी ही नव्वदांवर गुण मिळविणारी. पण तेवढ्याच विजेंत ती उजेड कमी देते. हा तोटा खुशाल सोसावा. उजेड दुप्पट झाला तरी डोळ्यांस तो दुप्पट वाटत नाहीं. हरवलेला रंग मात्र कितीहि ल्यूमेन ओतले तरी परत येत नाहीं.

परीक्षा घरींच करतां येते. रात्रीं दिवे मालवून विजेरी प्रथम आपल्या तळहातावर, मग पिकल्या टोमॅटोवर धरावी. तळहात राखेसारखा फिका व टोमॅटो विटकरी दिसला, तर ती विजेरी जिन्याखालच्या अडगळीसाठीं ठेवावी, आणि गांवीं दुसरी धाडावी.